बेल्टवरचा पेजर गप्प आहे, म्हणजे नेमकं काय समजायचं?

२०२३ मधे एकदा सगळ्यांचे फोन एकाच वेळी बोंबलले होते, आठवतंय का? मी तेव्हा लातूरला गंजगोलाईत होतो, भाजीवाल्या मावशीचा फोन, रिक्षावाल्याचा फोन, माझा फोन, सगळे भोंग्यासारखे ओरडायलेत आणि एक जण तर फोन टोपलीत टाकून बाजूलाच सरला, म्हणे "फुटतोय का काय आता". ती सरकारची इमर्जन्सी अलर्टची चाचणी होती, सेल ब्रॉडकास्ट म्हणतात त्याला. मला मात्र त्या आवाजानं माझी जुनी नोकरी आठवली, कारण त्या दिवशी जे झालं ते जवळजवळ पेजिंगच होतं, आणि मी १९९७ ते २००१ पुण्यात एका पेजर कंपनीत टॉवरवर चढायचं काम केलंय.

आता भाचा विचारतो, "मामा, पेजर म्हणजे ते २०२४ ला लेबनॉनमधे फुटले तेच ना?" अरे बाबा, हो, पण ते रेडिओमुळं नाही फुटले, ग्राहकाच्या हातात पडायच्या आधीच त्यात स्फोटकं भरलेली होती. पेजर स्वतः लय गरीब डबी आहे, रेडिओवरून आलेला छोटा मेसेज ऐकून वाजणारी, एक सेल, एक रिसीव्हर, एक बझर आणि चिमूटभर स्क्रीन, बाकी काही नाही. आणि ही गरीब डबी अजून मेलेली नाही. नेदरलँड्समधे फायर ब्रिगेड, अँब्युलन्स, पोलीस यांना बोलवायला पी२००० नावाचं नेटवर्क आहे, १६९.६५ मेगाहर्ट्झवर चालतं. जर्मनीत गावोगावचे स्वयंसेवक फायरवाले कमरेला पेजर लावून शेतात जातात. ब्रिटनच्या किनाऱ्यावर लाईफबोटीचे स्वयंसेवक पेजर वाजला की हातातलं काम टाकून पळतात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत २०१९ मधे जवळपास १ लाख ३० हजार पेजर होते, २०२१ संपेपर्यंत बंद करा असा आदेश निघाला, तरी नेटवर्क पडलं तर असावेत म्हणून इमर्जन्सीपुरते थोडे ठेवायची मुभा दिलीच.

का? तर दवंडी आणि फोन यातला फरक.

१० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोलीकडं ४.५ चा धक्का बसला तेव्हा तुम्ही काय केलं? फोन लावला. मीही लावला. सगळ्यांनीच लावला. मोबाईलच्या टॉवरला प्रत्येक कॉलसाठी थोडी जागा वेगळी काढून द्यावी लागते आणि एका टॉवरकडं अशी जागा मोजकी असते, रोजच्या हिशोबानं ठेवलेली, म्हणजे अख्खा तालुका एकदम बोलायला लागला की बाकीच्यांना "आपण डायल केलेला..." हेच ऐकायला मिळतं. दवंडीवाल्याला हे टेन्शन नाही. तो चावडीसमोर एकदा ओरडतो, ऐकणारे दहा असोत का दहा हजार, त्याला कष्ट तेवढेच. पेजिंग म्हणजे रेडिओवरची दवंडी, मोठा ट्रान्समीटर एकदा बोलतो आणि त्या पट्ट्यातले सगळे पेजर एकाच वेळी ऐकतात.

पण दवंडीचा तोटाही तोच आहे, दवंडीवाल्याला कळत नाही की कुणी ऐकलं आणि कोण मळ्यात मोटार चालू करून बसला होता. साधा पेजर उलट बोलत नाही. म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरच्या कमरेचा पेजर रात्रभर वाजला नाही, तर याचा अर्थ "कुणाला काही झालं नाही" असाही होतो आणि "टॉवर संध्याकाळीच मेला" असाही होतो, दोन्हीचा आवाज सारखाच, म्हणजे काहीच नाही. माझ्या मते इमर्जन्सी पेजिंगचं सगळं डिझाईन आणि सगळं टेस्टिंग या एका गोष्टीभोवती फिरतं, की गप्प राहण्याचे हे दोन अर्थ वेगळे कसे करायचे.

आधी थोडं पेजरच्या पोटात बघू, कारण ज्यानं ते बनवलं त्याला मानलं पाहिजे. जगात सगळ्यात जास्त चाललेली पद्धत पॉकसॅग, १९८० च्या सुमारास ब्रिटिश पोस्ट खात्याच्या कमिटीतून आलेली. एक छोटा सेल आठवडेच्या आठवडे चालतो तो कसा? तर पेजर बहुतेक वेळ झोपलेला असतो. आपल्याकडं शेतकऱ्याला माहीत असतं ना, आपल्या फिडरला थ्री फेज रात्री बाराला येणार, मग तो तोवर निवांत झोपतो, उगं तासातासाला उठून स्टार्टर बघत बसत नाही. तसंच. ट्रान्समीटर बोलतो ते बॅचमधे, एका बॅचमधे आधी एक खुणेचा शब्द आणि मग ८ खाने. प्रत्येक पेजरला स्वतःचा नंबर असतो आणि त्या नंबरावरूनच ठरतं की माझा खाना कितवा, म्हणून तो फक्त आपल्या खान्यापुरता डोळे उघडतो, नाव नाही आलं की परत झोप.

आणि बोलायच्या आधी ट्रान्समीटर निदान ५७६ बिट (बिट म्हणजे एक ० नाहीतर एक १) नुसतं १०१०१० करत राहतो, "उठा रे उठा" म्हणून. हा आकडा कुठून आला? एक बॅच असते ५४४ बिटची, त्यात आणखी एक ३२ बिटचा शब्द मिळवा, झाले ५७६. म्हणजे कुठलाही पेजर एकदा तरी डोळा उघडेलच एवढा वेळ हाक चालू ठेवायची. मला हा हिशोब पहिल्यांदा एका सीनियरनं सिगारेटच्या पाकिटावर करून दाखवला तेव्हा मी खरंच हसलो होतो, इतका साधा.

चुकांचं पण बघा. प्रत्येक ३२ बिटच्या शब्दात कामाचे बिट फक्त २१, उरलेले ११ नुसते तपासणीसाठी. दुकानदार वहीत आकडे लिहून खाली बेरीज लिहितो, मग एखादा आकडा पुसट झाला तरी बेरजेवरून काढता येतो, तसंच हे, शब्दातले २ बिट रस्त्यात बिघडले तरी पेजर दुरुस्त करून घेतो. तीनपेक्षा जास्त बिघडले तर मात्र देवाचं नाव घ्या, कारण मेसेजमधे भलतंच अक्षर उमटायला लागतं.

मग वेग. पॉकसॅग सेकंदाला ५१२, १२०० किंवा २४०० बिटनं चालतं. पेजर कंपनीला धंदा करायचा होता, जास्त गिऱ्हाईक म्हणजे जास्त वेग, म्हणून सगळ्यांची धाव १२००-२४०० कडं. इमर्जन्सीवाल्यानं उलटा विचार करावा. तुम्ही बांधावरून पलीकडच्या शिवारात माणसाला हाक मारता तेव्हा कशी मारता, "ए शिवाऽऽऽऽ" अशी लांबवून, पटापट बोलत नाही, कारण लांबवलेलं लांबवर ऐकू येतं. रेडिओचं तेच आहे, बिट जितका लांब तितका कमजोर सिग्नलमधून ओळखता येतो. ५१२ ला एक बिट जवळजवळ २ मिलिसेकंदाचा असतो, २४०० ला अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी. "औसा रोड, ट्रक-जीप, ३ गंभीर" एवढंच सांगायचंय तर घाई कशाला पाहिजे?

जाता जाता, हे मराठीत नाही पाठवता येत बरं का. पॉकसॅगमधे अक्षराला ७ बिट, इंग्रजीपुरतेच. त्यामुळं एकतर इंग्रजी अक्षरात मराठी लिहा नाहीतर आकड्यांचे कोड ठरवा, आणि कोड ठरवायचे तर लय ठरवू नका, रात्री तीनला अर्धवट झोपेत माणसाला सहा-सातपेक्षा जास्त कोड आठवत नाहीत.

आता टॉवर. समजा लातूर, औसा, निलंगा या पट्ट्यासाठी अशी सिस्टीम उभारायचीय. पहिला प्रश्न सगळे विचारतात, "किती वॉट?" मी म्हणतो, आधी सांगा पेजर कुठं असणार. कारण कागदावरचा रेंजचा नकाशा रस्त्यावर उभ्या माणसाचा असतो आणि खरा पेजर असतो कमरेला, कमरेचा माणूस कुशीवर झोपलेला, खोलीवर पत्रे, नाहीतर दवाखान्यात एक्स-रे रूमच्या आत, जिथं भिंतीला शिसं लावलेलं. पेजरचा अँटेना डबीच्या आत बोटभर तारेचा, तो तसाही बहिराच. आरसीसीच्या इमारतीत शिरताना सिग्नलचा शंभरावा हिस्सा उरला तरी आश्चर्य मानायचं नाही.

इथं एक हिशोब सांगतो जो मला सगळ्यात कामाचा वाटतो. डोंगर, झाडं, इमारती यामुळं सिग्नल जागोजागी कमी-जास्त होतो. तो नेहमीइतका कमी-जास्त होतोय असं धरून, १०० जागांपैकी ९० जागी पोचणारी सिस्टीम ९९ जागी पोचवायची तर नुसती पॉवर वाढवून साधारण ७ पट करावी लागते. १०० वॉटचे ७०० वॉट. त्याऐवजी दुसऱ्या दिशेला दुसरा टॉवर उभा केला, तोही आपल्यापुरता ९० टक्केवालाच, तर एकाची चुकलेली १० जागा दुसरा भरून काढतो, त्यातली एखादीच दोघांनाही चुकते, म्हणजे हिशोबानं ९९ झाले. अट एकच, दोघांच्या अडचणी वेगवेगळ्या पाहिजेत. दोन्ही टॉवर बालाघाटाच्या एकाच अंगाला ठेवले तर डोंगर दोघांनाही सारखाच आडवा येणार, मग टॉवर दोन आणि फायदा पाऊण.

पण दोन टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर एकदम बोलले की नवीन भानगड. सप्ताहात बघा, देवळाचा कर्णा एक आणि वेशीवर दुसरा, मधे उभं राहिलं की महाराजांचं एक वाक्य दोनदा ऐकू येतं आणि कशाचाच मेळ लागत नाही. रेडिओ आवाजापेक्षा लय वेगानं जातो, एका मायक्रोसेकंदाला ३०० मीटर, तरी पेजरला दोन टॉवरचा एकच बिट पुढं-मागं मिळाला तर तोही गोंधळतो. ढोबळ नियम असा की बिटच्या पाव भागापेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही. १२०० ला हा पाव भाग येतो साधारण २०० मायक्रोसेकंद, म्हणजे अंतरातला फरक ६० किलोमीटर, आपल्या तालुक्यांना पुरून उरतो. २४०० ला तोच ३० किलोमीटरवर येतो.

म्हणजे हवेतल्या अंतराची फार भीती नाही. खरी भीती असते ती टॉवरपर्यंत मेसेज नेणाऱ्या लाईनची, कारण एका टॉवरला फायबरनं मेसेज ५ मिलिसेकंदात आला आणि दुसऱ्याला कुठूनतरी वळसा घालून ४० मधे, तर सगळं मुसळ केरात. म्हणून प्रत्येक टॉवरला जीपीएसचं घड्याळ लावतात आणि मेसेजबरोबर "हा बरोबर अमुक क्षणी सोड" असं सांगतात, लवकर पोचला तो थांबतो, मग दोघे एकदम बोलतात. शिवाय दोन टॉवरची फ्रिक्वेन्सी मुद्दाम काही हर्ट्झनं पुढं-मागं ठेवतात, नाहीतर मधल्या पट्ट्यात काही ठिकाणी दोन्ही सिग्नल एकमेकांना खाऊन टाकतात आणि तिथं ठेवलेला पेजर कायमचा बहिरा.

एवढं करूनही एका फटक्यात सगळं झोपू शकतं. १९ मे १९९८. अमेरिकेवरचा गॅलेक्सी ४ नावाचा उपग्रह, त्याचा तोंड सांभाळणारा कंप्युटर बिघडला आणि उपग्रह पृथ्वीकडून तोंड फिरवून बसला. अमेरिकेतले ८० टक्क्यांहून जास्त पेजर त्या संध्याकाळी मुके झाले, डॉक्टरांचे सुद्धा. टॉवर सगळे शाबूत होते, वीज होती, बॅटऱ्या होत्या, जनरेटर होते. पण त्यातल्या बहुतेक टॉवरना मेसेज पोचायचा तो त्या एकाच उपग्रहावरून. आमच्या पुण्याच्या ऑफिसात दुसऱ्या आठवड्यात याच्यावर चर्चा झाली, साहेबांनी विचारलं आपल्याकडं असं होऊ शकतं का, सगळ्यांनी माना हलवून नाही म्हटलं, आणि मग एका पोरानं हळूच सांगितलं की आपल्या चारही टॉवरच्या लाईनी एकाच टेलिफोन एक्स्चेंजमधून जातात.

आपल्याकडं उपग्रह लागत नाही, एक जेसीबी पुरतो. रस्ता रुंदीकरण, पाण्याची पाईपलाईन, काहीतरी खोदायलाच लागलेलं असतं, आणि दोन कंपन्यांच्या "वेगवेगळ्या" फायबर एकाच चरीतून गेलेल्या असतात. म्हणून टॉवरला जाणारा दुसरा रस्ता खरंच दुसरा आहे का, हे कागदावर विचारू नका, गाडी काढा आणि चरीच्या कडेकडेनं फिरून बघा. सगळ्यात चांगलं म्हणजे दुसरा रस्ता जमिनीखालचा नकोच, रेडिओ लिंक ठेवा. वीजेचं तेच, दोन टॉवर एकाच डीपीवर असतील तर डीपी जळाली की दोन्ही गेले.

आणि वरून पडणारी वीज. मराठवाड्यात मे-जूनच्या वळवात किती माणसं आणि जनावरं दगावतात हे सांगायला नको, उघड्या माळावर सगळ्यात उंच उभा कोण, तर टॉवर. त्याचा जीव अर्थिंगवर. आणि आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटून जाते, वाळली की तिचा विरोध वाढतो. नियमात लिहिलेलं असतं अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत जा. २०१६ च्या एप्रिलात लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं, खड्ड्यात काय टाकता! त्यामुळं इथल्या डिझाईनमधे खड्डा खोल, पट्ट्या जास्त, आणि अर्थिंगचं माप पावसाळ्यात नाही तर मेच्या शेवटी, जमीन सगळ्यात वाईट असताना घ्यायचं. जुलैत मोजून "ओके" लिहिणाऱ्याला मी ठेकेदार म्हणतो, इंजिनीयर म्हणत नाही.

आता येतो माझ्या आवडत्या किश्श्यावर, जो सांगताना अजून लाज वाटते. पुण्यात आमचा एक टॉवर होता, आठ मजली इमारतीच्या गच्चीवर. टेस्टिंगची पद्धत अशी की एक पेजर कायम चालू ठेवलेला, दर तासाला कंप्युटर त्याला टेस्ट मेसेज पाठवायचा, तो वाजला की हिरवा दिवा. महिनाभर हिरवा दिवा. तिकडं दोन पेठा पलीकडच्या गिऱ्हाईकांच्या तक्रारी की मेसेज येत नाहीत, आणि आम्ही उत्तर देतोय "सिस्टीम ओके आहे, सेल बदला". शेवटी मला गच्चीवर पाठवलं. अँटेनाला जाणाऱ्या केबलचा जोड उघडला तर आतून चमचाभर पाणी निघालं, हिरवं झालेलं. अर्ध्याहून जास्त पॉवर तिथंच मरत होती. मग हिरवा दिवा कसा? तर तो टेस्टचा पेजर ठेवलेला होता ट्रान्समीटरच्याच खोलीत, ट्रान्समीटरच्या कपाटावर. अँटेना काढून फेकला असता तरी त्याला ऐकू आलं असतं.

तेव्हापासून माझा नियम, ऐकणारा रिसीव्हर रेंजच्या काठावर ठेवायचा, जिथं सिग्नल जेमतेम पोचतो तिथं. जवळचा कायम खूश असतो. काठावरचा पहिल्यांदा रडतो, आणि तेच पाहिजे. असे चार-पाच रिसीव्हर ग्रामपंचायतीत, शाळेत, उपकेंद्रात ठेवले, त्यांनी जे ऐकलं ते मोबाईलनं परत कळवलं आणि पाठवलेल्या यादीशी ताडून पाहिलं, तर कुठला टॉवर हळूहळू कमजोर होतोय ते आठ-पंधरा दिवस आधी दिसायला लागतं.

हे झालं टॉवरवाल्याच्या बाजूनं. कमरेला लावणाऱ्याला कसं कळणार? त्याच्यासाठी ट्रान्समीटरनं गप्प बसायचंच नाही. मेसेज असो नसो, दर थोड्या मिनिटांनी एक छोटा ठोका पाठवायचा, माणसाला ऐकू न येणारा, फक्त पेजरला कळणारा. पेजर तो मोजत राहतो. ठोका चुकला की पेजर स्वतः कुरकुरतो, "मला ऐकू येत नाही". चांगल्या पेजरमधे ही सोय असते, रेंजबाहेरची सूचना म्हणतात, आणि गंमत म्हणजे लोक ती बंद करून ठेवतात कारण किरकिर होते. आता गप्प पेजरचा अर्थ एकच राहिला, काही घडलेलं नाही. दुसरी सोपी युक्ती म्हणजे मेसेजला क्रमांक देणं, ४१ नंतर ४३ आला की ४२ कुठं गेला हे विचारायला माणूस फोन करतो.

मेसेज परत परत पाठवायची पण पद्धत आहे. एका वेळी १०० पैकी ५ चुकतात असं धरा, दुसऱ्यांदा पाठवला तर कागदावर १०,००० पैकी २५ उरतात. कागदावर. डॉक्टर तळघरात असेल तर तीनदा पाठवा नाहीतर तीसदा. म्हणून दोन वेळांमधे अर्धा-एक मिनिट जाऊ द्यायचं, तेवढ्यात माणूस जिन्यात तरी येतो. आणि खरंच जीवावरचं काम असेल तर पोच हवीच, एकतर उलट बोलणारा पेजर घ्या नाहीतर मोबाईलवरून मिस कॉल द्यायला सांगा, दीड मिनिटात पोच नाही आली की सिस्टीमनं आपोआप पुढच्या माणसाला उठवायचं.

गर्दीचं टेस्टिंग तर कुणी करतच नाही. ८० अक्षरांचा मेसेज १२०० च्या वेगानं जायला साधारण एक सेकंद लागतो, बरं वाटतं. पण अपघात मोठा झाला आणि सॉफ्टवेअर २०० जणांना एकेक करून तोच मेसेज पाठवायला लागलं तर शेवटच्याला तीन मिनिटांहून उशिरा कळणार. तेच २०० पेजरमधे आधीच एक सामाईक ग्रुप नंबर भरून ठेवला तर सगळ्यांना एकदम, दोन सेकंदांच्या आत. म्हणून विचारताना "सरासरी किती वेळ लागतो" विचारू नका, सरासरी नेहमी गोड असते, "सगळ्यात शेवटच्याला किती वेळ लागला" ते विचारा. अजून एक गोष्ट बघून ठेवा, टॉवर दोन तास बंद राहून चालू झाला की अडकलेले जुने मेसेज धडाधड सुटतात का? रात्री अकराची आग पहाटे एकला कळली तर गाडी राख बघायला जाते, म्हणून मेसेजला मुदत पाहिजे, ती संपली की कचऱ्यात.

गुप्ततेबद्दल थोडक्यात. पॉकसॅग उघड्यावर बोलतं. स्वस्तातला यूएसबी रिसीव्हर आणि लॅपटॉप असला की कुणीही वाचतो, २०१६ मधे ट्रेंड मायक्रोनं दवाखान्यांच्या पेजरमधून पेशंटची माहिती कशी गळते हे दाखवलं होतंच. पेशंटचं नाव टाकायचं नाही, नाहीतर कूटलेखनवाले पेजर घ्यायचे. आणि भारतात ट्रान्समीटर लावायला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या विभागाचं लायसन लागतं, यूट्यूब बघून गच्चीवर लावू नका, पोरांनो.

राहिलं टेस्ट कधी करायची ते. सगळ्यांना मंगळवारी सकाळी अकरा आवडतं, साहेब असतात, चहा असतो, लाईट असते. मी पहाटे चारच्या आसपास म्हणतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपलेले. आमच्या भागात ज्याला तो आठवतो त्याला वेळेचं वेगळं कारण सांगावं लागत नाही.

तीन वर्षांमागं एका खासगी दवाखान्याची अशी टेस्ट मी केली होती. त्यांच्याकडं इमारतीपुरती छोटी पेजिंग सिस्टीम, चाळीसेक पेजर, डॉक्टर-सिस्टर-वॉर्डबॉयसाठी. जूनची रात्र, वरून भुरभुर. पावणेचारला मी मेन स्विच पाडला. अतिदक्षता विभाग त्यांच्या वेगळ्या यूपीएसवर होता, तो आधीच तपासला होता. पेजिंगचा यूपीएस चालू झाला, पेजर वाजले, ४० पैकी ३७ पोचले, मी खूश. आता जनरेटर स्वतःहून चालू व्हायला पाहिजे होता. नाही झाला. वॉचमन मामा टॉर्च घेऊन आले, आम्ही जनरेटरच्या खोलीत गेलो, डिझेल फुल, ऑईल ठीक, आणि स्टार्टरच्या बॅटरीच्या जागी नुसत्या दोन वायरी लोंबकळत होत्या.

"मामा, बॅटरी कुठंय?"

"अँब्युलन्सला लावलीय की. तिची उतरली होती संध्याकाळी, निलंग्याहून पेशंट आणायचा होता, बाळंतीण. मग काय करता?"

"आली का ती?"

"आली. पोरगी झाली, दोघी बऱ्या हायत."

मी मेन स्विच वर केला. रिपोर्टमधे तीन पेजर बदला, काठावर एक रिसीव्हर ठेवा वगैरे लिहिलं, आणि पहिल्या ओळीत लिहिलं, अँब्युलन्ससाठी एक जादा बॅटरी घ्या, आजच.